कोरडी पंगत

माणसाची सगळी दुःखं शेवटी मूत्राशयात उतरतात, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोकांचे साडू कामाचे असतात. कुणाचा साडू सिमेंट मिळवून देतो, कुणाचा रेल्वेत असतो, कुणाचा निदान दिवाळीला संत्र्यांची पेटी तरी पाठवतो. आमचे साडू भेटले की पाठीवर हात ठेवून विचारायचे, की रात्री उठावं लागतं का, आणि लागत असेल तर कितीदा. माझ्या लग्नात, अंतरपाट दूर होऊन अर्धा तासही झाला नसेल, त्यांनी मला बाजूला घेऊन हेच विचारलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना मला तिथेच आली. मी मुळातच निराश माणूस आहे. कोणत्याही गोष्टीतून काही चांगलं निघेल असं मला सहसा वाटत नाही आणि बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला घरात सगळेच ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. साडू नागपुरातल्याच एका कॉलेजात भावी डॉक्टरांना औषधशास्त्र शिकवत. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनामागे नेहमी टीपकागदाची घडी. पेन गळतं म्हणून टीपकागद असेल असा माझा कितीतरी दिवस समज होता. पण तो कागद सशांसाठी होता, हे मला पुढे कळलं.

सत्तर सालाच्या मागेपुढे कोलेस्टेरॉल हा शब्द नागपुरात नवा नवा आला होता. त्याआधी माणसं तूप खात आणि मरत, मध्ये काही नव्हतं. आता डॉक्टर सांगू लागले की रक्तात चरबी वाढते, नळ्यांच्या आत जाऊन बसते आणि हृदयाचा पुरवठा तुटतो. झालं, जो तो छातीवर हात ठेवून फिरू लागला. साडूंना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. रक्ताच्या नळ्या काय एकट्या हृदयाला गेल्यात? त्या लघवीच्या पिशवीलाही गेल्यात. तिथे चरबी बसली की पिशवीच्या स्नायूंना रक्त पुरत नाही. मग त्या स्नायूंचा जोर जातो, ते वेळी अवेळी आवळतात, आणि माणसाच्या हातात काही राहत नाही. "सारे दिलाच्या मागं लागून राहिले," ते म्हणायचे. "त्या पिशवीले कोणी विचारून राहिलं नाही." हृदयावर काम करणाऱ्यांना पैसा मिळायचा, परदेशी जायला मिळायचं, हारतुरे मिळायचे. साडूंनी पिशवीवर काम करायला परवानगी मागितली तेव्हा त्यांचे वरिष्ठ इतके हसले म्हणे, की त्या वरिष्ठांनाच लघवीला उठून जावं लागलं. साडूंनी ते उठणंही मनात नोंदवून ठेवलं.

माणसांकडे पाहण्याची त्यांची रीतच निराळी होती. सिनेमाला गेले की ते कडेची खुर्ची घेत आणि पडद्यापेक्षा अंधारातून कोण बाहेर जातंय याकडे त्यांचं लक्ष असे. परतताना सिनेमाची गोष्ट विचारली तर त्यांना सांगता येत नसे, पण पुढच्या रांगेतले टोपीवाले म्हातारे जास्त दिवस काढणार नाहीत हे ते खात्रीने सांगत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक महाल या नागपुरातल्या जुन्या वस्तीतल्या आमच्या खोलीत बसली होती. मुलाचे वडील कामठीचे व्यापारी, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं तोलून. देण्याघेण्याचं अजून निघायचं होतं, पोहे नुकतेच आले होते, आणि साडूंनी त्यांना विचारलं, की काका, रात्री कितीदा उठता? खोलीत कुणी घास गिळेना. आता हे स्थळ गेलं, असं मी मनात पक्कं धरलं आणि पुढचं कुठलं बघायचं याचा विचारही सुरू केला. व्यापाऱ्यांनी बशी खाली ठेवली, साडूंना खूण केली आणि दोघं जिन्यात जाऊन उभे राहिले. चहा दोनदा गरम करावा लागला तरी ते आत येईनात. आले तेव्हा व्यापाऱ्यांचे डोळे ओले होते. त्यांना सहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. लग्न झालं, आणि हुंड्याचं नावही निघालं नाही. पण त्या घरी कधी गेलो की मुलाचे वडील माझी विचारपूस करण्याआधी साडूंची करतात, एवढी सल मात्र राहिली.

परवानगी शेवटी मिळाली. बहुधा कंटाळून दिली असावी. पण सशांसाठी कॉलेजात जी खोली होती तिचं छप्पर पत्र्याचं, आणि नागपूरचा मे महिना सशांसाठी केलेला नाही. खरं तर तो माणसांसाठीही केलेला नाही, पण माणसांची तक्रार करायची सवय गेलेली असते. पहिल्या उन्हाळ्यात साडूंचे सगळे ससे लागोपाठ गेले. पुढच्या वर्षी त्यांनी वरिष्ठांच्या हातापाया पडून पिंजरे प्रतापनगरातल्या आपल्या घरी आणले. तेव्हा प्रतापनगरात घरं कमी आणि मोकळी जागाच जास्त. घरात कूलर एकच होता, वाळ्याच्या ताट्यांचा, ताईने हट्टाने घ्यायला लावलेला. तो सशांच्या खोलीत गेला. उन्हाळाभर ससे वाळ्याच्या वासात डोळे मिटून पडलेले असत आणि ताई ओलं फडकं डोक्यावर घेऊन स्वयंपाक करत असे. मी दर रविवारी महालातून सायकल हाणत जायचो आणि पोचल्याबरोबर सशांच्या खोलीत जाऊन बसायचो. पाहुण्यांनाही तिथेच बसवत. त्या घरात सशांमुळे आम्हाला वारा मिळत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेला तुपाचा खुराक आणि दुसरीला नुसता लसूणघास आणि हरभरा. पहिलीला साडू तुपाळ म्हणत आणि दुसरीला कोरडे. बाकी सगळं सारखं, पाणी सारखं, वाराही सारखा, म्हणजे पुढे जो फरक दिसेल तो तुपाचाच, एवढं त्यामागचं शास्त्र मलासुद्धा कळलं. प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळीखाली टीपकागद अंथरलेला असे. सकाळी साडू तो काढून उजेडाकडे धरत आणि डाग पाहत. मोठा डाग म्हणजे पिशवी शहाणी, बारीक बारीक पुष्कळ डाग म्हणजे पिशवी बिघडली. सकाळच्या चहाच्या वेळी टेबलावर डागांचे कागद पसरलेले असत आणि आम्ही कपबशा हातात धरून चहा प्यायचो.

तुपाळ रांगेसाठी लाडू लागत. तूप, हरभऱ्याचं पीठ आणि अंड्याचा बलक. साडूंनी वळलेले लाडू फुटायचे, त्यामुळे थोड्याच दिवसांत ते काम ताईकडे आलं. ताईच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. तिने मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं केलं, लाडू वळून झाले की डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग घरात यायची. पण लाडू असे गोल आणि एकसारखे, की माझ्या बायकोने एकदा चुकून उचलून तोंडाशी नेला होता. ताईची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिच्या हातचं वाढणं पाहण्यासारखं असे. पानात भात पडला की तिची तुपाची वाटी निघायची आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या भातावर सारखी धार पडायची. जावई असो, घर रंगवायला आलेला माणूस असो, सारखीच. कमीजास्त झालं की ती वाटी घेऊन परत फिरायची. पंक्तिप्रपंचासारखं पाप नाही, असं ती मानायची. त्या घरात तिच्या तुपाला आडवा हात लावणारा एकच माणूस होता, तो म्हणजे साडू. ती धार धरायच्या आत ते भातावर तळहात झाकायचे. इतकी वर्षं रोज दोन वेळा ती वाटी त्यांच्या पानापर्यंत न्यायची आणि रोज दोन वेळा ते हात आडवा धरायचे.

हे सगळं कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. संध्याकाळची वेळ होती, आम्ही ओट्यावर बसलो होतो, आणि साडूंचा त्या दिवशी वरिष्ठांकडून पुन्हा एकदा पाणउतारा झालेला होता. मी म्हटलं, सोडून द्या की आता, हृदयाचं काहीतरी करा, लोक करतातच. तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील वर्धेकडच्या एका गावात हेडमास्तर. गाव त्यांना टरकून असे. घरी दुभतं, जेवताना वाटीभर तूप नसलं तर पानावरून उठणारे. साठीच्या आतच त्यांचं धोतर ओलं होऊ लागलं. साडूंची आई आधीच गेलेली. घर सांभाळणाऱ्या आत्याने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग त्यांची बाज मागच्या पडवीत टाकली, मग त्यांचं अंथरूण वेगळ्या काठीवर, सगळ्यांना दिसेल असं वाळत घालू लागली. पोरंटोरं त्या काठीकडे बोट दाखवून हसायची. साडू तेव्हा मॅट्रिकला होते. एकदा घरी पाहुणे आले असताना हेडमास्तर बैठकीतून उठले आणि सतरंजी ओली दिसली. साडू सगळ्यांसमोर म्हणाले, बाबा, एवढंही समजत नाही का तुम्हाला? त्यानंतर वडील पाहुण्यांसमोर आले नाहीत. पडवीतून बाहेरच आले नाहीत म्हटलं तरी चालेल. वर्षाच्या आत गेले.

"माह्या बापाले समजत होतं गा," साडू म्हणाले. "त्याच्या पिशवीले समजत नव्हतं. एवढं मले लिहून जायचं आहे."

 त्या माणसाला साऱ्या जगापुढे एवढंच सिद्ध करायचं होतं, की त्याचा बाप गलिच्छ नव्हता, आजारी होता. म्हणजे कुणाचा तरी बाप पडवीत पडलेला असेल तर त्याच्या मुलाने निदान हसू नये. यातून काही निघणार नाही असं मला तेव्हाही वाटलं, पण ते खोटं ठरावं असं पहिल्यांदाच वाटलं.

प्रयोग संपायची वेळ आली. सशांच्या कानातून रक्त घेऊन त्यात रसायन टाकलं की चरबी जितकी जास्त तितका गडद हिरवा रंग यायचा. ते रसायन मोजकंच मिळे, म्हणून तपासणी फक्त सुरुवातीला आणि अगदी शेवटी ठेवलेली होती. शेवटचा दिवस पाहायला मला त्यांनी कॉलेजात मुद्दाम बोलावलं. मी कचेरीतून रजा टाकून गेलो. तुपाळांच्या नळ्या हिरव्या झाल्या. साडूंनी मान डोलावली. मग कोरड्यांच्या नळ्या लावल्या. त्याही हिरव्या झाल्या, तितक्याच. साडूंनी रसायन बिघडलं असं म्हणून नवी बाटली फोडली. पुन्हा हिरवं. त्यांच्या हातातली नळी मी काढून घेतली, कारण ती पडणार हे मला दिसत होतं. नंतरचे काही दिवस एकेका सशाला मारून त्याच्या पिशवीची पट्टी काढून, दोऱ्याने काडीला बांधून, काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तिच्या आवळण्याची रेघ काढायचं काम चाललं. सगळ्या रेघा सारख्या. सगळ्या पिशव्या थकलेल्या. टीपकागदावर कोरड्यांचेही डाग बारीक होत चालले होते, पण ते उन्हाळ्याने होतंय असं साडू धरून चालले होते. सगळेच्या सगळे ससे त्यांच्या म्हणण्याला साक्ष द्यायला उभे राहिले, तिथेच घात झाला. फरक दाखवायला एकही ससा धड उरला नव्हता. वरिष्ठ कागद चाळून म्हणाले, नागपूरचे ससे असेच मुतत असतील, त्यात तुमच्या तुपाचा काय संबंध? 

त्या रविवारी मी गेलो तेव्हा सशांची खोली रिकामी होती आणि कूलर बंद. आम्ही दोघं पानावर बसलो. ताई भात वाढत होती. साडू माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, की कोरड्यांच्या अंगात चरबी आली कुठून हेच कळत नाही, लसूणघासात तर ती नसते.

ताई वाढता वाढता थांबली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव मुळीच नव्हता. कुणी साधी वस्तू कुठे ठेवली विचारावं आणि तिने सांगावी, तसं ती म्हणाली, "मीच देत होती न त्याइलेही."

"काय देत होती?"

"लाडू. तुमी कालेजात गेले की." मग साडूंचं तोंड पाहून तिला काहीतरी चुकलं असं वाटलं असावं. "एका ओळीत बसलेले जीव. याइले तूप अन् त्याइले सुकं, असं वाढणं मले नाही जमत. तिकडचे खाऊन राहिले की इकडचे जाळीले नाक लावून पाह्यत. अन् जायचं त सगळ्याइलेच होतं. मग एखाद्याले सुकं काहून पाठवायचं?"

आता काहीतरी फुटणार, म्हणून मी माझी ताकाची वाटी उचलून बाजूला घेतली. साडूंनी एवढंच विचारलं, की कधीपासून. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. ते तिच्याकडे बघत राहिले. रागाने बघत होते असं मला वाटलं नाही. नदी ओलांडून येताना शेवटच्या पावलाला पाय घसरून पाण्यात बसलेल्या माणसासारखे ते बघत होते. ताईला काय करावं सुचेना, म्हणून तिने सवयीने तुपाची वाटी पुढे केली. आणि साडूंनी भातावर हात झाकला नाही. धार पडली. त्यांनी भात कालवला आणि जेवले. 

पुन्हा प्रयोग करायचा त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. कॉलेजात नवे ससे आणले तर त्यांना रोग लागला. रसायनासाठी पैसे मागितले तर वरिष्ठांनी तो हिरव्या नळ्यांचा किस्सा इतरांना सांगून करमणूक केली. ताई म्हणाली, या खेपेला मी खोलीत पाय ठेवणार नाही. पण तिच्याच घरात तिला, बरं, नको येऊ, असं म्हणायला साडूंची जीभ रेटेना आणि ससे घरी आले नाहीत. मग हळूहळू त्यांनी लोकांना विचारणंही सोडलं. एका लग्नात समोर तीन म्हातारे बसलेले असून साडू नुसते जिलबी खात होते, ते पाहून मला भरून आलं. मी स्वतः त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, मला अलीकडे रात्री उठावं लागतं. ते म्हणाले, वय झालं गा आता. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सारा जन्म ते या एका वाक्याशीच तर भांडत आले होते.

निवृत्तीनंतर वर्षा-दोन वर्षांत व्हायचं तेच झालं. त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते प्रवासाला यायचे बंद झाले, मग महालात येणं बंद झालं, मग सिनेमाचं नाव काढलं की पाय दुखतात म्हणू लागले. हेडमास्तरांची पडवी आता इथे सुरू होणार, अशी मी मनाची तयारी केली. त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशीच्या सुमारास, दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको चार दिवस प्रतापनगरला राहायला गेलो. पहिल्या सकाळी मी तोंड धुऊन येतो तो ताईने आमच्या गादीवरची चादर काढलेली. माझी बायको म्हणाली, अगं ताई, काल रात्रीच तर तू धुतलेली घातलीस. ताई म्हणाली, असू दे वं, धुऊन टाकते. मग तिने स्वतःची काढली, सुनेची काढली, नातवाची काढली. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. सून म्हणाली, आई रोजच धुतात, वर्ष झालं, ऐकतच नाहीत, मीही बोलायचं सोडलं.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात गेलो. जिथे पूर्वी लाडवांची शेगडी असायची तिथेच साडू खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीवर घरातल्या सगळ्यांच्या चादरी, सगळ्या ओल्या, सगळ्या सारख्या पिळलेल्या, एकीलाही वेगळी काठी नाही. मी शेजारी जाऊन बसलो. ते दोरीकडेच पाहत होते.

"पाह्य गा," ते म्हणाले. "यातली माही कोणती, सांग बरं."

मी पाहिलं. खरंच सांगता येत नव्हतं.

"कोणालेच नाही सांगता येत." ते म्हणाले. "माह्या बापाले अशी बाई भेटली असती, त मले ससे पाळाचं कामच पडलं नसतं."

आतून ताईने जेवायला हाक मारली. साडू उठायला वेळ लावत होते, म्हणून मी पुढे न जाता तिथेच उभा राहिलो आणि त्या ओळीत आमची चादर कोणती असेल ते शोधत राहिलो. तीही सापडली नाही.